हात पोचेल तिथवर

मी शिडी बोलतेय. हसताय काय? फाटकी छत्री बोलते, बंद पडलेलं घड्याळ बोलतं, रस्त्यातला दगडसुद्धा बोलतो, आणि ते तुम्ही शाळेपासून निमूट ऐकून घेत आलात. मग शिडीनंच तुमचं काय घोडं मारलंय? नमनाला घडाभर तेल ओतायची मला सवय नाही. पाच पायऱ्यांची, लाकडी, मागे बिजागरीवर उघडणारा टेकू असलेली, म्हणजे भिंतीचे उपकार न घेता आपल्या पायावर उभी राहणारी. शहराच्या मोठ्या सार्वजनिक वाचनालयात मी एकतीस वर्षं नोकरी केली. आता जिन्याखालच्या खोलीत असते. तक्रार करायला बसलेली नाही. चार माणसांचे आभार मानायचे राहिलेत, तेवढे मानून घेते.

माझा जन्म घाईत झाला. वाचनालयाची कपाटं करायला जो सुतार आला होता, त्यानं ती पार छतापर्यंत नेली. एकेका कपाटाला आठ फळ्या. शेवटच्या फळीला शेवटचा खिळा ठोकून तो मागे सरला, कमरेवर हात ठेवून आपलं काम बघत उभा राहिला, आणि मग त्याच्या डोक्यात प्रकाश पडला की वरच्या तीन फळ्यांपर्यंत कुणाचा बापही पोचणार नाही. उद्घाटन दुसऱ्या दिवशी होतं. उरलेल्या लाकडातून त्यानं मला एका दुपारीत उभं केलं, आणि त्या गडबडीत माझी चौथी पायरी दोन बोटं उंच बसली. "राहू दे," तो म्हणाला, "सवय होईल लोकांना." लोकांना ती कधीच झाली नाही. प्रत्येक नवा माणूस चौथ्या पायरीवर अडखळायचा आणि शिवी मला द्यायचा, सुताराला नाही.

तरी माझं बरं चाललं होतं. वरच्या तीन फळ्यांची मालकीणच म्हणा ना! आणि माणसं खालून बघितली की निराळीच दिसतात. कडक इस्त्रीच्या साहेबांचा मोजा अंगठ्याशी फाटलेला असतो, हे फक्त मला ठाऊक. एक गृहस्थ दर शनिवारी सातव्या फळीवरचा जाडजूड शब्दकोश मागायचे, तो टेबलावर उघडा उभा करायचे आणि त्याच्या आडोशाला तासभर झोप काढायचे. एक मुलगी आपल्याला आवडलेली कादंबरी दुसऱ्या कुणी नेऊ नये म्हणून मागच्या ओळीत दडवून जायची. आणि एक निवृत्त मास्तर होते. ते वर चढले, पुस्तक उघडलं, तिथंच वाचत उभे राहिले आणि इतके रंगले की आपण जमिनीवर आहोत असं समजून त्यांनी एक पाऊल मागे टाकलं. मनगट मोडलं. पुस्तक मात्र छातीशी धरलेलं होतं, एक पान दुमडलं नव्हतं.

त्या दिवशी माझ्या गळ्यात पाटी आली: 'वाचकांनी शिडीवर चढू नये.' तेव्हापासून चढायचं ते फक्त शिपाईकाकांनी.

शिपाईकाका माझ्याहून दोन वर्षांनी वाचनालयात आले. शहरात कुणालाही वरच्या फळीवरचं पुस्तक हवं झालं की ते मला ओढत न्यायचे. "चल गं म्हातारे," म्हणायचे, तेव्हा तर मी नवी कोरी होते! पुढे पुढे त्यांचे गुडघे आणि माझ्या बिजागऱ्या एकाच वेळी कुरकुरायला लागल्या. वर चढलं की ते क्षणभर थांबायचे आणि गुडघा चोळायचे. खाली वाचक घड्याळाकडे बघत असायचा. काकांनी कधी तोंडातून चकार शब्द काढला नाही. त्यांचे पहिले आभार.

आता तुम्हाला वाटेल, इतकी वर्षं पुस्तकांत काढली म्हणजे ही बाई भलतीच वाचलेली असणार. छे हो! माझं काम माणसाला पुस्तकापर्यंत पोचवायचं. पुस्तक हातात आलं की माणूस खाली उतरतो, खुर्ची गाठतो, आणि आत काय लिहिलंय ते मला एकानंही कधी सांगितलं नाही. अठ्ठावीस वर्षं मी पुस्तकांच्या फक्त पाठी बघितल्या. ती उणीव एका सासू-सुनेनं भरून काढली.

सासूबाईंना वाचनालयात सगळे 'वरची फळी' म्हणायचे, अर्थात त्यांच्या पाठीमागे. खालच्या फळ्यांवरचं सगळं वाचून झालंय असा त्यांचा दावा होता. आल्या की लांबूनच हाक, "काका, आज वरचं काहीतरी काढा." काका कपाळाला हात लावायचे, मला म्हणायचे, "आली बघ वरची फळी," आणि चढायचे. एकेका दिवशी तीनतीनदा. पुस्तक हातात पडलं की त्या पहिलं पान तिथंच उभ्या उभ्या वाचायच्या आणि चेहऱ्यावरूनच कळायचं, हे घरी जाणार की परत वर.

मग त्या यायच्या बंद झाल्या. वर्ष झालं. काकांनी बातमी आणली की त्यांची नजर गेली. आधी धूसर, मग सावल्या, मग काहीच नाही. डॉक्टरांनी हात टेकले. काका त्या दिवशी माझ्या खालच्या पायरीवर बसून राहिले. "पंचवीस वर्षांची सवय गं," ते म्हणाले. "आता करेल काय ती बाई?"

तर एक दिवस दुपारी दोन वाजता त्या आल्या, सुनेच्या दंडाला धरून. सून कपडे शिवायची, उसवायची, लांब-आखूड करायची. चौकात तिचं छोटं दुकान होतं आणि ते दोन ते चार बंद असायचं. गळ्यात मोजपट्टी तशीच, कॉलरला दोन सुया टोचलेल्या. घर दीड खोलीचं. नवरा रात्रपाळीचा पहारेकरी, त्यामुळे तो दुपारी झोपायचा. तिथं मोठ्यानं वाचायची सोय नाही. म्हणून ती सासूला घेऊन इथं आली. पण वाचनालयात तरी कुठं तोंड उघडता येतं? मग दोघींनी शेवटची रांग शोधली, इतिहासाची, जिथं सहसा काळं कुत्रं फिरकत नाही. सासूबाई खुर्चीवर. दुसरी खुर्ची तिथं नव्हती, म्हणून सून माझ्या दुसऱ्या पायरीवर बसली, सासूच्या कानाशी तोंड नेलं आणि कुजबुजत वाचायला लागली.

अहो, काय सांगू! पहिल्यांदा कुणीतरी माझ्यावर बसून पुस्तक उघडून आतलं बाहेर काढत होतं. एक घड्याळजी होता, त्याची मुलगी भांडून घर सोडून गेली होती, आणि तो तिच्या खोलीतलं घड्याळ रोज किल्ली देऊन चालू ठेवायचा. मी लाकूड, पण माझ्या अंगावर काटा आला. मी त्या दोन तासांत कुरकुरले नाही की हलले नाही.

सून आठवीपर्यंत शिकलेली. वाचताना अडखळायची, आणि निसर्गवर्णन आलं की सरळ उडी मारायची. सासूबाईंना ते लगेच कळायचं.

"काहीतरी गाळलंस."

"नाही हो आई."

"तो आत्ता घरात होता. नदीवर कसा गेला? पाय फुटले की पंख?"

"अहो, मधे दीड पान नुसती झाडंच आहेत."

"असू देत. लिहिणाऱ्यानं बसून लिहिली ना? मग तू बसून वाच. मला झाडं दिसत नाहीत, निदान ऐकू तरी येऊ देत."

सून हसायची, जीभ चावायची आणि मागे जाऊन झाडं वाचायची. दोन वर्षांत ती अडखळायची थांबली. घड्याळजी संपला, मग दुसरी कादंबरी, मग प्रवासाचं पुस्तक. माझ्या पायऱ्यांच्या फटीत अजूनही रंगीत दोऱ्यांची टोकं सापडतील. त्या दोघींचे आभार कोणत्या शब्दांत मानायचे मला कळत नाही.

पण कुजबुज म्हटली तरी ती ऐकू जातेच. वर्तमानपत्रांच्या टेबलावरचे एक गृहस्थ होते, ते दर दहा मिनिटांनी "शूऽऽ" करायचे. त्या कुजबुजीपेक्षा त्यांची शूऽऽ मोठी होती, पण ते त्यांना कोण सांगणार? त्यांनी लेखी तक्रार दिली. ग्रंथपालबाई त्या दोघींकडे आल्या. बाई मनानं चांगल्या, पण नियमाला पक्क्या.

"इमारतीचं काम निघालंय," त्या म्हणाल्या. "तोवर मी डोळेझाक करते. पण नव्या नकाशात अशा आडोशाच्या रांगाच नाहीत, सगळं मोकळं, उघडं. तिथं कुजबुजसुद्धा चालणार नाही. नकाशा करणाऱ्या बाई लोकांची मतं घ्यायला येणार आहेत. काय हवं ते तेव्हा सांगा. गप्प बसू नका."

सासूबाई म्हणाल्या, "गप्प बसणं मला कुठं जमतं?" पण सुनेचा हात त्यांनी घट्ट धरला होता. इथून उठवलं तर वाचन संपलं, हे दोघींना माहीत होतं. दुसरी जागा त्यांना नव्हती.

मग नकाशेवाली आली. तिचं पद काहीतरी मोठं होतं, पण वाचनालयात तिला सगळे नकाशेवालीच म्हणायचे. तिची रीत न्यारी. आल्या आल्या कागद काढला नाही. आठ दिवस नुसती एकेका खुर्चीवर बसली, मुलांच्या कोपऱ्यात तर जमिनीवर मांडी ठोकून. येणाऱ्या-जाणाऱ्याला एकच विचारायची, "इथं तुम्हाला काय खुपतं?" माणसांनी बांध फुटल्यासारखं सांगितलं. कुणाला पंख्याचा आवाज, कुणाला स्वच्छतागृहाचं न लागणारं दार, कुणाला दुपारी डोळ्यांत येणारं ऊन. शूऽऽवाल्यांनी चार पानी निवेदन दिलं. सासूबाईंनी एकच वाक्य सांगितलं, "मला एक खोली दे, जिथं माणसाला तोंड उघडून वाचता येईल."

नकाशेवालीनं ते जसंच्या तसं लिहून घेतलं. नकाशात एक खोली काढली आणि तिच्यावर लिहिलं, 'मोठ्यानं वाचायची खोली'. सुनेनं ते सासूला वाचून दाखवलं तेव्हा सासूबाई काही बोलल्याच नाहीत. त्यांना मी तेवढं एकदाच गप्प बघितलं.

आता जागा ठरलेली आणि मागण्या ढीगभर. सगळ्यांचं सगळं बसणं शक्य नव्हतं. म्हणून समितीनं ठरवलं, नकाशा दालनात लावायचा, प्रत्येक सभासदाला पाच हिरव्या टिकल्या द्यायच्या. ज्याला जे हवं त्यावर टिकली चिकटवा. पंधरा दिवसांनी मोजणी. ज्यावर टिकल्या कमी, ते नकाशातून बाद. बेत चांगला होता. नकाशेवाली म्हणाली, नकाशा टेबलावर पसरा. पण तिला दुसऱ्या गावच्या कामावर जावं लागलं, आणि समितीचे अध्यक्ष म्हणाले, "टेबलावर नको, कुणीतरी चहा सांडेल. पोरं रेघोट्या मारतील. भिंतीवर टांगा, चांगला वर."

अध्यक्ष सहा फूट दोन इंच.

दालनाच्या भिंतीत जुन्या तसबिरींचे खिळे होते. काकांनी मला ओढत नेलं, वर चढले, आणि त्याच खिळ्यांना नकाशा टांगला. नवे खिळे कोण ठोकणार? त्या दिवशी गुडघ्यानं त्यांचा जीव घेतला होता. खाली उतरून त्यांनी मला तिथंच भिंतीशी उभी ठेवलं. "उद्या नेतो तुला," म्हणाले, आणि मागे पुस्तकं खोक्यांत भरायच्या कामाला लागले. तो उद्या पंधरा दिवस आला नाही.

नकाशा पुरुषभर उंचीचा. त्याची खालची कड माणसाच्या छातीशी, आणि वरची कड कुठं ते विचारू नका. आणि ती खोली नेमकी वरच्या टोकाला.

पंधरा दिवस मी काय बघितलं ते ऐका. माणसं यायची, नकाशा वाचायची, बोट दाखवायची, "ही खोली चांगली आहे, नाही?" मग टिकली घेऊन हात वर करायची. टाचा उचलायची. एक-दोघांनी उड्या मारल्या. हात पुरला नाही की इकडेतिकडे बघायची, आणि खोलीच्या खाली जो व्हरांडा काढला होता त्याच्यावर टिकली चिकटवायची. "जवळपास लावली आहे, समजतील ते." हे मी शंभर वेळा ऐकलं. आणि मी शेजारी उभी! पाच पायऱ्या घेऊन, दोन हातांवर! पण माझ्या गळ्यात पाटी ना. एवढी आज्ञाधारक माणसं मी आयुष्यात बघितली नव्हती. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तो असा. मला ओरडून सांगावंसं वाटत होतं, अहो, चढा की! मोडू दे तो नियम! पण शिडीला तोंड नसतं, निदान तेव्हा नव्हतं.

सूनही एका दुपारी आली, एकटी. ती बुटकी. तिनं टाचा उचलल्या, मोजपट्टी धरून पाहिली, उडी मारली, आणि शेवटी पाचही टिकल्या व्हरांड्यावर, हात पोचेल तितक्या वर लावल्या. समाधानानं निघून गेली. खरी गुन्हेगार मी. कारण तो नकाशा मीच वर चढवला होता. काकांचे पाय माझ्यावर होते.

रविवारी सकाळी सभा भरली. दालन गच्च. सासूबाई पहिल्या रांगेत, शेजारी सून. नकाशेवाली धावतपळत येऊन मागे उभी राहिली. अध्यक्षांनी कागद उघडला.

"सर्वांत जास्त टिकल्या व्हरांड्याला. दोनशे चौऱ्याऐंशी! नागरिकांना ऐसपैस व्हरांडा हवाय हे स्पष्ट झालंय. मोठ्यानं वाचायच्या खोलीला फक्त तीन. तेव्हा ती खोली काढून ती जागा आपण व्हरांड्यात घालत आहोत."

दालनात कुजबुज झाली. माणसं एकमेकांकडे बघायला लागली. व्हरांडा? तो कुणी मागितला?

सासूबाई सुनेकडे वळल्या. "तीनच? तू पाच लावल्यास ना?"

"लावल्या, आई."

"मग?"

"खोलीच्या खाली लावल्या. हात पोचत नव्हता."

सासूबाई उठल्या. "मला त्या नकाशाजवळ ने. माझा हात त्या खोलीवर ठेव."

सुनेनं त्यांना भिंतीशी नेलं. त्यांचा हात धरून कागदावर ठेवला आणि वर सरकवायला लागली. सगळे बघत होते. हात खांद्याच्या वर गेला, डोक्याच्या वर गेला, कोपर सरळ झालं.

"इथं?"

"नाही, आई. अजून वर."

"अजून?"

"अजून. हात संपला तुमचा."

 सासूबाईंचा हात तसाच वर, त्या हिरव्या टिकल्यांच्या गर्दीवर टेकलेला. त्या टिकल्या त्यांच्या बोटांना लागत होत्या.

अध्यक्ष म्हणाले, "पण मला तर इथूनही सगळं नीट दिसतंय."

"तुम्हाला दिसणारच," सासूबाई म्हणाल्या. "तुमच्या आईनं तुम्हाला खतपाणी जरा जास्तच घातलं."

दालन खो खो हसलं. सून मात्र हसली नाही. तिनं गळ्यातली मोजपट्टी काढली, एक टोक सासूबाईंच्या बोटांशी धरलं आणि दुसरं जमिनीवर सोडलं. "साहेब, मी रोज माणसांची मापं घेते," ती म्हणाली.  "हात वर करून हे सव्वासहा फूट. खोली आठ फुटांवर आहे. आमच्यासारख्यांनी मत द्यायचं कसं?"

तेवढ्यात मागून काका आले. चेहरा पडलेला. "साहेब, नकाशा मी टांगला. जुने खिळे दिसले, तिथं लटकवला. माझ्या डोक्यातच आलं नाही. चूक माझी आहे."

"मी टेबलावर ठेवा म्हटलं होतं!" नकाशेवाली मागून ओरडली.

अध्यक्षांचा कान लाल झाला. "बरं बरं, काढा तो खाली," ते म्हणाले.

"काढा, पण आधी मला चढू दे," सासूबाई म्हणाल्या. "माझ्या पाचही टिकल्या शिल्लक आहेत. मी कुठं लावतेय ते मला हातानं कळल्याशिवाय मी लावणार नव्हते."

सगळे ग्रंथपालबाईंकडे बघायला लागले.  बाई पुढे आल्या, माझ्या गळ्यातली पाटी काढली आणि काखेत धरली. "चढा," म्हणाल्या, आणि वाकून माझा एक पाय स्वतःच्या हातांनी धरला. त्या पाटीचं ओझं वर्षानुवर्षं माझ्या अंगावर होतं. बाईंचे आभार.

सासूबाई चढल्या. पंचवीस वर्षं काकांना चढवणारी ती बाई पहिल्यांदा माझ्यावर पाय ठेवत होती. एका बाजूनं सून, एका बाजूनं काका. पहिली पायरी, दुसरी, तिसरी. "आता जरा उंच आहे हो, दोन बोटं," काका म्हणाले. त्यांनी पाय चाचपून ठेवला. मी जीव मुठीत धरून उभी होते. शूऽऽवाले गृहस्थ खुर्चीवरून उठून कधी आले कळलं नाही, त्यांनी माझा दुसरा पाय धरला होता.

सुनेनं त्यांचं बोट खोलीवर टेकवलं. त्यांनी कागदावर चार भिंती चाचपल्या.

"एवढीशीच?"

"त्यात बारा खुर्च्या बसतात, आजी," नकाशेवाली म्हणाली.

"बारा? मग रग्गड झाल्या." आणि एकेक करून त्यांनी पाच टिकल्या लावल्या. वाकड्यातिकड्या, एकीवर एक.

मागून एक बाई म्हणाली, "माझ्याही दोन तिथल्याच होत्या हो!" मग कुणीतरी, "माझ्या तीन!" मग सगळंच दालन बोलायला लागलं. अध्यक्षांनी हात वर केले. "म्हणजे व्हरांडा कुणालाच नकोय?"

"नाही!" दालन म्हणालं. अध्यक्ष बिचारे स्वतःच हसत सुटले, आणि मोजणी रद्द केली. अध्यक्ष झाले तरी आपली चूक चारचौघांत हसून मान्य केली, म्हणून त्यांचेही आभार.

इथं गोष्ट संपली असती तर मी आज जिन्याखाली नसते. पण सासूबाईंना वर उभं राहून बोलायची गोडी लागली. "एक नकाशा पंधरा दिवस उंच राहिला तर एवढा गोंधळ झाला," त्या म्हणाल्या. "मग ही पुस्तकं एकतीस वर्षं उंच आहेत त्याचं काय? या काकांचे गुडघे त्यात गेले. मीच घालवले निम्मे. आता फळ्याही हात पोचेल तिथवरच ठेवा."

टाळ्या काय पडल्या म्हणता! माझ्याच डोक्यावर उभी राहून बाईनं माझीच नोकरी घालवली. आणि मला राग यायला हवा होता, पण आला नाही. काकांनी मान खाली घातली होती. ते डोळे पुसत होते.

नकाशा टेबलावर पसरला गेला. आठवड्यानं मोजणी झाली तेव्हा खोलीला तीनशे अकरा टिकल्या होत्या, आणि 'वरच्या फळ्या खाली आणा' यावरही जवळपास तेवढ्याच. मग काम निघालं. वाचनालय चौदा महिने बंद. माझ्या अंगावर रंगाऱ्यांनी तीन रंग सांडले. सासूबाई एकदा नकाशेवालीला विचारायला आल्या, "होईल ना गं माझ्या हयातीत?" सुनेनं त्यांना दटावलं, पण तिचंही तोंड उतरलेलं होतं. मीही त्या चौदा महिन्यांत रोज धास्तावलेली होते.

झालं, त्यांच्या हयातीतच झालं. नव्या कपाटांना पाचच फळ्या. एक म्हातारं जोडपं परवा एकमेकांना सांगत होतं, "ही पुस्तकं इथं होती? आपल्याला कधी दिसलीच नाहीत." काकांनी निवृत्तीच्या आदल्या दिवशी मला या जिन्याखालच्या खोलीत आणून ठेवलं. "सुटलीस, म्हातारे," म्हणाले. "मीही सुटलो." माझ्या खालच्या पायरीवर बसले, गुडघा चोळला, उठून गेले. आता दिवा बदलायचा असला की मला बाहेर काढतात. एरवी मी, दोन मोडक्या खुर्च्या आणि रंगाचे डबे.

पण माझ्या या खोलीची उजवी भिंत म्हणजे त्या खोलीची डावी भिंत. नव्या पद्धतीची, पातळ. खोली उघडली त्या दुपारी दोन वाजता मला पावलं ऐकू आली. खुर्च्या सरकल्या. पान उलटलं. मी कान टवकारले, आणि काहीच ऐकू आलं नाही. दोन वर्षं कुजबुजून सुनेचा आवाज तेवढाच राहिला होता. ती हक्काच्या खोलीत, दार लावून, सासूच्या कानाशीच लागली होती.

"अगं, मोठ्यानं," सासूबाई म्हणाल्या.

पुन्हा कुजबुज.

"मोठ्यानं वाच, पोरी. आता कुणी उठवणार नाही आपल्याला."

"येतच नाही हो, आई," सून म्हणाली, आणि तिला रडू फुटलं.  मी या बाजूला काही करू शकत नव्हते. मग सुनेनं घसा खाकरला. पहिले दोन शब्द चिरके आले. तिसरा सरळ आला. आणि मग ती वाचत सुटली, भरल्या आवाजात, न थांबता, आणि भिंतीपलीकडून शब्द न् शब्द माझ्यापर्यंत पोचला.

आता त्या खोलीत रोज कुणी ना कुणी असतं. एक आजोबा नातीकडून परीकथा वाचून घेतात. शूऽऽवाले गृहस्थ अग्रलेख वाचतात, तेही सगळ्यांत मोठ्यानं! मी सगळं ऐकते. एकतीस वर्षांत मिळालं नव्हतं तेवढं वाचन मला या अडगळीत बसून मिळतंय, आणि त्याबद्दल मी तुम्हा सगळ्यांची, टिकली लावणाऱ्या प्रत्येक हाताची ऋणी आहे.

एकच मागणं आहे. कधी त्या खोलीत आलात, तर जिन्याकडच्या भिंतीला पाठ लावून बसू नका. तिच्याकडे तोंड करून बसा आणि आवाज जरा मोठा ठेवा. एवढं केलंत तर फार उपकार होतील.